भार न वाहणारे खांब

पीथमपूरच्या आमच्या घराच्या ओसरीत दोन सागवानी खांब उभे आहेत. घरी येणारा प्रत्येक पाहुणा चपला काढता काढता त्यांवरून हात फिरवतो आणि 'जुने दिसतात' असे म्हणतो. आम्हीही मोठ्या कौतुकाने सांगतो, की धारच्या वाड्यातले आहेत. बुंध्याशी निमुळते, वर केळफूल, अखंड सागाचे, आता असे लाकूड मिळायचे नाही. गेली पंचवीसहून अधिक वर्षे हे संभाषण याच शब्दांत होत आले आहे. गेल्या दिवाळीत मात्र आमचे थोरले चुलतबंधू धारहून आले, त्यांनी खांबावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केले, वर स्लॅबकडे पाहिले आणि विचारले, "हे इथे काय करताहेत रे?"

प्रश्न साधा होता, पण आम्हांस उत्तर सुचले नाही. कारण ओसरीचा स्लॅब सिमेंटच्या कॉलमांवर उभा आहे. खांबांवर त्याचा भार नाही. खांब आणि स्लॅब यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकावे इतकी फट आहे, आणि ती लाकडी पट्टी मारून झाकलेली आहे. दादांनी मग येण्याचे खरे कारण सांगितले. वाड्याचा जो एक भाग अद्याप उभा आहे, त्यातील देवघरापुढच्या सोप्याचे दोन खांब खालून कुजले आहेत आणि तुळई खचू लागली आहे. तिथे काकू राहतात. नवे लाकूड घेऊन त्या मापाचे खांब घडवणे परवडणारे नाही. लोखंडी गर्डर लावावा तर सुतार म्हणतो, की जुन्या तुळईला तो मानवणार नाही. "तुझ्याकडचे दोन त्याच ओळीतले आहेत. परत देशील का?"

'बघू' असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. त्यानंतरच्या काही महिन्यांत जे विचार मनात आले, ते या अंकात मंडळाच्या सभासदांपुढे मांडीत आहोत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा खांब, एखादी चौकट, एखाद्या झोपाळ्याच्या पितळी कड्या असतीलच.

प्रथम, वाडा म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे. जाड भिंती पाहून आपल्याला वाटते, की घर भिंतीवर उभे आहे. परंतु आपल्या बऱ्याचशा जुन्या वाड्यांत खरे ओझे वाहतो तो लाकडाचा सांगाडा. जोत्यावर घडीव दगडाचा तळखडा, त्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंस पसरलेले हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा थर. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणतात. घराचे माप चौरस फुटांत नव्हे, खणांत सांगण्याची रीत होती. (चोळीच्या कापडालाही हाच शब्द आहे, आमच्या आजीला या दोन खणांपैकी कोणता अधिक महत्त्वाचा वाटे, हे सांगणे कठीण.) कुसू आणि खाच यांच्या जोडणीने सारे एकमेकांत गुंतलेले असते. वरच्या मजल्यावर मूल धावले तर त्याचे वजन फळीकडून कडीला, कडीकडून तुळईला, तुळईकडून हस्ताला, हस्ताकडून खांबाला आणि खांबाकडून दगडाला पोहोचते. भिंत बहुतांशी आडोशाचे काम करते.

हे केवळ वर्णन नाही, त्याची भीषण परीक्षा एकदा झालेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड धाबे यांनी हजारो माणसे गाडली. मात्र ज्या घरांत आतला लाकडी खणांचा सांगाडा धड होता, तिथे भिंती बाहेर ढासळूनही छप्पर खांबांवर तोलून राहिल्याची उदाहरणे तज्ज्ञांनी नोंदविली आहेत. भिंत गेली तरी घर उभे राहिले, असे या बाबतीत अक्षरशः म्हणता येते.

हीच रचना हजारो मैलांवर इंग्लंडात दिसते, तेव्हा मनाला मौज वाटते. तिथे साग नाही, ओक आहे. ओक ओला असतानाच कापीत, कारण वाळल्यावर त्याला हत्यार लागत नाही. सांगाडा उभारल्यावर लाकूड घरातच वाळे, पिळवटे, आणि लाकडी खुंट्यांनी बांधलेले सांधे आवळले जात. म्हणून ती घरे वाकडीतिकडी दिसतात. आणि चौकटींमधील जागा कशाने भरीत? कामट्या विणून त्यांवर माती, शेण आणि गवत यांचा लेप देऊन. म्हणजे आपला कूडच! इंग्रजांच्या घराला कुडाच्या भिंती होत्या हे लहानपणी कोणी सांगितले असते, तर साहेबाविषयीचा आमचा धाक निम्मा कमी झाला असता. काळ्या लाकडाचे आणि पांढऱ्या भिंतीचे जे रूप आपण कॅलेंडरवर पाहतो, तेही बव्हंशी एकोणिसाव्या शतकातील हौशीचे आहे. त्याआधी कित्येक ठिकाणी ओक उघडाच ठेवीत आणि तो उन्हापावसाने रुपेरी करडा होई.

चेशर परगण्यातील लिटल मोर्टन हॉल हे अशा घरांपैकी बहुधा सर्वांत विख्यात. सोळाव्या शतकाच्या आरंभी ते बांधावयास घेतले आणि सुमारे १६१० पर्यंत एकाच कुटुंबाच्या पिढ्या त्यात भर घालीत गेल्या. शेवटी कुणाला तरी वर एक लांबलचक दालन हवेसे वाटले. दगडी लाद्यांच्या जड छपराखालचे ते दालन खालच्या मजल्यांच्या मूळ हिशेबात धरलेले नव्हते. त्याच्या ओझ्याने सबंध घर बाक आल्यासारखे झाले आणि चारशे वर्षे ते तसेच उभे आहे. १९३८ पासून ते नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. अंगणाकडील खिडक्यांवर १५५९ सालचा एक कोरीव लेख आहे. त्यात मालकाचे नाव आहे, आणि त्या खिडक्या घडवणाऱ्या रिचर्ड डेल नावाच्या सुताराचेही आहे. आपल्याकडच्या वाड्यांत बांधवून घेणाऱ्याचे नाव पुष्कळदा आढळते. ज्याच्या हाताने कुसू बसवले त्याचे नाव आमच्या पाहण्यात कुठे आलेले नाही. आमच्या वाड्यातही नव्हते. ही गोष्ट आम्हांस अलीकडे बोचू लागली आहे, पण तो विषय निराळा.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या इंग्रजी घरांची दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची आहे. जुन्या घरात एखाद्या तुळईवर रिकाम्या खाचा दिसतात. लोक मोठ्या अभिमानाने सांगतात, की ही लाकडे मोडीत निघालेल्या जहाजांची आहेत. जाणकार म्हणतात, की हे बहुधा खरे नसते. ती लाकडे आधीच्या एखाद्या घराची असतात. घर उतरवले, की लाकूड दुसऱ्या घरात जाई, तिथून तिसऱ्या. रिकामी खाच ही पूर्वीच्या जागेची खूण. तेव्हा लाकडाने घर बदलणे यात काही पाप नाही, असा निवाडा आम्ही घाईघाईने आमच्या बाजूने करून टाकला होता. पुढे लक्षात आले, की ती लाकडे जिथे गेली तिथे पुन्हा कामाला लागली. आमच्या ओसरीतील खांबांचे तसे झालेले नाही.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे वळू. इंदूरचा राजवाडा आपणा सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. सात मजले, खालचे तीन दगडाचे, वरचे लाकडाचे. मल्हाररावांच्या काळी, अठराव्या शतकाच्या मध्यास त्याची उभारणी सुरू झाली. १८०१ मध्ये शिंद्यांच्या वतीने सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले, तेव्हा तो जळाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तात्या जोगांच्या कारकिर्दीत तो पुन्हा उभा झाला. पुढेही आगी झाल्या. १९८४ च्या दंगलीत मागील सबंध भाग जळाला आणि पुढचा दर्शनी भाग तेवढा राहिला. त्यानंतर वीसएक वर्षे इंदूरकरांनी त्या दरवाज्यातून पलीकडचे मोकळे आकाश पाहिले. पुढे २००६-०७ च्या सुमारास होळकर घराण्याच्या पुढाकाराने मागील भाग जुन्याच पद्धतीने, जुन्याच तऱ्हेच्या सामग्रीने बांधून काढण्यात आला, आणि अलीकडे दर्शनी भागाचीही मोठी दुरुस्ती झाली.

तर मग आज जो उभा आहे तो मल्हाररावांचा राजवाडा आहे काय? आमच्या बैठकीत यावर तावातावाने वाद झालेले आहेत. एका ज्येष्ठ सभासदांचे मत असे, की जळाले ते जळाले. त्याच्या जागी तसेच दिसणारे उभे करणे हा इतिहासाचा देखावा झाला. या मताला मोठा आधार आहे. जॉन रस्किन यांनी १८४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जीर्णोद्धाराला सरळ असत्य ठरविले होते. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तिचेही सांगणे हेच, की रोजची डागडुजी करा, कलत्या भिंतीला टेकू द्या, गळती थांबवा. पण जे गेले ते परत आल्याचे सोंग करू नका. पुण्याचा शनिवारवाडा या न्यायाने प्रामाणिक म्हटला पाहिजे. १८२८ च्या आगीत तो जळाला आणि आज तिथे तट, दरवाजे नि जोती आहेत. कुठे काय होते ते जोती सांगतात. त्यापलीकडे काही नाही.

आम्ही रस्किनसाहेबांपुढे नम्र आहोत, परंतु त्यांचे प्रेम दगडावर होते असे आम्हांस वाटते. दगड झिजतो तेव्हा आपल्या झिजण्यातही शोभतो. लाकडाचे तसे नाही. त्याला वाळवी लागते, ओल लागते, आग लागते. लाकडाचे घर जसेच्या तसे राखता येत नाही. त्यातील कुजलेले काढून नवे घालीत राहिले, तरच ते राहते. जपानातील इसे येथील देवालयाचे उदाहरण या संदर्भात अनेकजण देतात. सातव्या शतकापासून ते दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात. मध्ययुगातील यादवीत शतकाहून अधिक काळ खंड पडला होता, तो सोडल्यास ही रीत चालू आहे. अलीकडचे बांधकाम २०१३ मध्ये झाले आणि पुढचे २०३३ मध्ये व्हावयाचे आहे. तिथे एकही जुनी फळी नाही आणि तरीही त्या देवालयाइतके प्राचीन त्या देशात फार थोडे आहे, कारण सुताराचा हात खंडू दिलेला नाही. उतरवलेल्या खांबांचे ते काय करतात, हे वाचून तर आम्ही थोडे वरमलो. मुख्य मंदिराचे आढे पेलणाऱ्या खांबांपासून तिथल्या उजी पुलावरची तोरणद्वारे करतात. वीस वर्षांनी तीही उतरवून अन्य ठिकाणी देतात. खांब उन्हात उभा राहतो, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट दाखवतो, आणि म्हातारा झाल्यावर पुन्हा कुठेतरी रुजू होतो.

नवेजुने एक की दोन, हा वाद तत्त्वज्ञांना नवा नाही. मिलिंद राजाला नागसेन विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? चाके? आस? दांडी? राजा एकेका भागाला नाही म्हणत जातो आणि अखेर कबूल करतो, की या सर्वांच्या जुळणीला व्यवहारात रथ हे नाव आहे. ग्रीकांच्या कथेत थीसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या जातात. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात एक खोडसाळ भर घातली: समजा, काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरे जहाज केले, तर खरे कोणते? आमचे घर म्हणजे हॉब्जच्या त्या मनुष्याची वखारच. जुन्या फळ्या आमच्याकडे आणि जहाज धारला. फरक इतकाच, की त्या मनुष्याने निदान जहाज तरी बांधले.

आम्हांस या सर्व दृष्टांतांत एक उणीव भासते. जहाजाची फळी मोजताना तत्त्वज्ञ जहाज धक्क्याला बांधून ठेवतो. त्यात कुणी बसलेले नसते. घरात मात्र कुणीतरी राहत असते. दादांनी 'हे खरे कोणत्या घराचे?' असे विचारले नव्हते. त्यांनी विचारले, की हे इथे काय करताहेत. खांबाचे खांबपण त्याच्या लाकडात किंवा नक्षीत शोधू लागलो, की हॉब्जच्या पेचातून सुटका नाही. ते त्याच्या डोक्यावरील ओझ्यात शोधले, तर उत्तर पुष्कळच सोपे होते, आणि सोपे असल्यामुळेच गैरसोयीचेही.

गैरसोयीचे कसे, ते सांगितले पाहिजे. १९९६ मध्ये वाड्याच्या वाटण्या झाल्या. सात हिस्सेदार, तिघे परगावी, दोघांना रोकड हवी होती. रस्त्याकडचा भाग उतरवला गेला. जुन्या सागवानाचा व्यापारी येऊन कड्या मोजून गेला. आधी लाकूड गेले, मग कौले, मग विटा. हे सारे कायदेशीर होते आणि आमची त्यावर सही आहे. आम्ही आमच्या हिश्श्यात दोन खांब मागून घेतले. तेव्हाची आमची समजूत अशी, की आम्ही काहीतरी वाचविले. नाहीतर ते खांब कुठल्यातरी हॉटेलाच्या दर्शनी भागात गेले असते. इथवर आमच्या मनाला टोचणी नाही. पण हे खांब पीथमपूरला आणल्यावर असे आढळले, की ते ओसरीच्या उंचीहून वीतभर लांब आहेत. स्लॅब पडून गेलेला होता. आम्ही ते खालून कापले. नक्षी वर असल्याने शोभेला बाध आला नाही. कापलेले तुकडे काही वर्षे मागच्या अंगणात पडून होते आणि एका हिवाळ्यात पाणी तापवायच्या बंबात गेले. पाहुण्यांना खांबांची हकीकत सांगताना एवढा भाग आम्ही नेहमी गाळीत आलो आहोत.

आमच्यासारख्यांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ लाकडाचा नाही, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आले असेलच. पवार, होळकर, शिंदे यांच्याबरोबर आपले पूर्वज अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात नर्मदा उतरून माळव्यात आले. १७२८ च्या सुमारास देवासला दोन पात्या झाल्या; धारला पवारांची गादी स्थिरावली. लोकांनी देशावरच्या घराचा नकाशा डोक्यात आणला आणि लाकूड इथल्या रानातले घेतले. चौक, सोपा, माजघर, देवघर ही नावे तिकडची, साग विंध्य-सातपुड्यातला. म्हणजे आपले 'मूळ घर' देखील आरंभापासून परक्या लाकडाचेच होते. त्यानंतर तीनशे वर्षांत आपल्या बोलीतील किती कड्या बदलल्या! आपण 'भाजी बनवतो', 'फोन लावतो', आणि पुण्याचा नातेवाईक गालातल्या गालात हसतो. आम्हांस त्याचे वाईट वाटत नाही. सांगाडा ओझे वाहतो आहे तोवर कडी कुठल्या रानातली हे विचारू नये. वाईट वाटते ते निराळ्या कारणाने: वर्षातून एकदा गणपतीत मराठी नाटक बसवायचे, भिंतीवर वंशवृक्ष टांगायचा आणि घरात मुलांशी एक वाक्य मराठीत बोलायचे नाही, हेही ओसरीतल्या खांबासारखेच नव्हे काय? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारीत आहोत. आमच्या नातवंडांना 'तुळई' म्हणजे काय हे ठाऊक नाही. दोष त्यांचा नाही.

पीथमपूर ही तर अगदी वेगळी वस्ती. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात महूच्या पलीकडच्या या माळावर कारखाने आले, आणि पुण्याकडील वाहनउद्योगांबरोबर मराठी माणसांची आणखी एक लाट आली. तिला गढी नाही, वाडा नाही, शिफ्ट आहे. आमची नोकरीही अशाच एका शेडखाली झाली. त्या शेडचे लोखंडी सांगाडे उभारले जाताना आम्ही पाहिले आहेत: आधी खांब, मग आडवे गर्डर, मग कैच्या, आणि सगळ्यात शेवटी पत्र्याच्या भिंती. भिंत नसतानाच छप्पर उभे. तत्त्व वाड्याचेच, फक्त कुसवाच्या जागी नट-बोल्ट. तिथे आमचे एक वरिष्ठ नेहमी म्हणत, की ज्या भागावर लोड नाही तो भाग ड्रॉइंगमधून काढून टाका. आमच्या ओसरीचे ड्रॉइंग त्यांनी कधी पाहिले नाही, हे आमचे भाग्य.

वारसा कुणाचा, या प्रश्नावर देवासशी नाते असलेल्या एका इंग्रज लेखकाचे स्मरण होते. ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ मध्ये प्रथम देवासला आले आणि १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी सचिव म्हणून पुन्हा येऊन राहिले. 'द हिल ऑफ देवी' या त्यांच्या पुस्तकामुळे देवासची टेकडी जगाला ठाऊक झाली. पण आम्हांस इथे आठवते ती त्यांची देवासला येण्यापूर्वीची, १९१० सालची 'हॉवर्ड्स एंड' ही कादंबरी. तीत मृत्युशय्येवरील एक वृद्ध स्त्री पेन्सिलीने चिठ्ठी लिहून आपले घर एका परक्या स्त्रीला देते, कारण त्या घरावर जीव लावील अशी तीच एक तिला दिसते. घरचे लोक ती चिठ्ठी फाडून विस्तवात टाकतात. कायदा त्यांच्या बाजूने असतो, आणि लेखकही त्यांना दुष्ट ठरवीत नाही. फक्त वाचकाच्या मनात एक शंका राहते: मालकी कागदाने मिळते, की घराची गळती कुठे आहे हे ठाऊक असण्याने? आमच्या वाड्यातील गळत्या काकूंना ठाऊक आहेत. कोणत्या नक्षत्राच्या पावसात घंगाळ कुठे ठेवायचे हे त्या पंचाहत्तरीतही न चुकता सांगतात. नगरपालिकेच्या नोंदीवर त्यांचे नाव शेवटून दुसरे आहे.

आता जी बाजू आमच्या विरुद्ध जात नाही तीही मांडली पाहिजे. नाहीतर आत्मपरीक्षणाचेही सोंग होते. काकूंच्या माघारी तो भाग टिकेल याची हमी कोणी देत नाही. पुतणे इंदूर-पुण्यात आहेत, आणि त्या जागेची किंमत वाड्याच्या किमतीहून कितीतरी अधिक आहे. दहा वर्षांनी तोच व्यापारी येऊन आमचे दोन खांबही मोजून नेईल, हे अशक्य नाही. मग इथेच राहिले तर काय बिघडले? आम्ही हा युक्तिवाद स्वतःशी अनेकदा घोळवला. तो तर्काने खोडता येत नाही. पण त्याच तर्काने १९९६ मध्ये आमच्या प्रत्येक हिस्सेदाराने सही केली होती. दहा वर्षांनी कोणी काय करील, हे आमच्या हाती नाही. तुळई आज खचते आहे आणि तिच्याखाली एक वृद्ध बाई रोज सकाळी सडासंमार्जन करते, इतके मात्र माहीत आहे. घरच्या मंडळींनी आमच्याइतका विचार केला नाही. सौ. म्हणाल्या, "काकूंच्या डोक्यावर काही पडले, तर ह्या खांबांना हळद-कुंकू लावणार आहात का?" असो.

संक्रांत झाल्यावर धारहून दादा आणि सुतार टेम्पो घेऊन आले. पट्टी काढली, खालचे सिमेंट फोडले, आणि तासाभरात दोन्ही खांब आडवे झाले. स्लॅबला अर्थातच काही झाले नाही. सुताराने बुंधा पाहिला, बोटाने कापाची धार तपासली आणि कुणी कापले असे विचारले. आम्ही सांगितले. त्याने त्यावर काही भाष्य केले नाही. वीतभर नवा साग तिरप्या सांध्याने खालून जोडता येईल, म्हणाला. सांधा दिसेल, पण धरील. कुजलेला पाय कापून नवा पाय जोडणे ही इंग्लंडातील ओकच्या घरांचीही नेहमीची दुरुस्ती आहे, हे आम्ही त्याला उत्साहाने सांगू लागलो. त्याने ऐकून घेतले आणि दोराचे दुसरे टोक धरावयास सांगितले.

महिनाभराने आम्ही धारला गेलो. तुळई लोखंडी जॅकवर उचलून धरलेली होती. एक खांब बसला होता, दुसरा बसेना. सुताराने तो दोनदा फिरवून पाहिला. मग खांबाच्या कुशीतल्या एका रिकाम्या खाचेत त्याने बोट घातले. इतकी वर्षे ती खाच आमच्या ओसरीत भिंतीकडे तोंड करून होती आणि ती कशासाठी आहे, हे आम्ही कधी पाहिले नव्हते. देवघराच्या चौकटीतून एक आडवी दांडी अर्धवट बाहेर आलेली होती, तिचा कुसू तिथे जायचा होता. "हा उजवीकडचा आहे, डावीकडे लावत होतो," तो म्हणाला. बसलेला खांब पुन्हा काढावा लागला. काकूंनी सर्वांसाठी चहा टाकला, आणि जॅक पुन्हा दोन आटे वर घेतला गेला.